मामांचा कॉम्प्युटर कुणाची वाट बघत होता?

फेब्रुवारीत देवगडला मामांकडे गेलो होतो. आंब्याच्या पेट्या भरायला सुरुवात व्हायच्या आधी हिशोबाचा कॉम्प्युटर एकदा बघून दे असा मामीचा फोन आला होता, कारण एकदा सीझन लागला की मामांना मान वर करायला वेळ नसतो आणि नेमकं बिल काढताना कॉम्प्युटर अडकला की मग घरात सगळ्यांवर चिडचिड होते. ओटीच्या कोपऱ्यात २०१३ साली घेतलेला ऑल-इन-वन डेस्कटॉप आहे, म्हणजे वेगळा डबा नाही, स्क्रीनच्या पाठीतच सगळं बसवलेलं. मामा सकाळी बटण दाबतात, मागे जाऊन विहिरीवरचा पंप चालू करतात, परत येऊन चहा घेतात, तरी स्क्रीनवरचे आयकॉन एकेक करून उमटतच असतात. मी घड्याळ लावून बघितलं, बटण दाबल्यापासून हिशोबाची फाईल उघडेपर्यंत सहा मिनिटांच्या वर गेली.

"ह्यो आता म्हातारो झालो रे, नवो घेवचो लागतलो," मामा म्हणाले.

दुकानवाल्यानेही त्यांना तेच सांगितलं होतं, दहा-बारा वर्षं झाली की प्रोसेसर थकतो म्हणून. हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय, चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही, की यावर एकदा सविस्तर लिहायचंच असं तिथेच ठरवलं.

प्रोसेसर थकत नाही हो. मामांच्या मशीनमध्ये तिसऱ्या पिढीचा आय-३ आहे, ३.३ गिगाहर्ट्झचा. म्हणजे त्याच्या घड्याळाचे सेकंदाला ३३० कोटी ठोके पडतात, आणि ते घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं, २०१३ ला जेवढे ठोके पडत होते तेवढेच आजही पडतात. त्यात घासणारं, झिजणारं, ढिलं होणारं काही नाही. हां, पंख्यात धूळ साचली, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून गेली तर तो तापतो आणि तापल्यावर स्वतःहून वेग कमी करतो, हे खरंय. म्हणून मी आधी तापमान बघितलं, मागच्या जाळीतली धूळ ब्रशने काढली, तापमान व्यवस्थित होतं आणि तरी सहा मिनिटं ती सहा मिनिटंच.

मग टास्क मॅनेजर (कोण किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला आणि तिथे सगळं लिहिलेलंच होतं. प्रोसेसर दहा-बारा टक्के कामात, म्हणजे जवळजवळ रिकामा बसलेला. आणि डिस्क शंभर टक्के, लालभडक. पण त्या शंभर टक्क्यांच्या शेजारी डिस्कचा वेग बघितला तर सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही! त्याच डिस्कवरून सिनेमाची मोठी फाईल कॉपी केली तर सेकंदाला शंभर एमबीच्या वर वेग मिळतो, मग आत्ता ती जिवाच्या आकांताने काम करतेय आणि हातात मात्र शंभरावा भागसुद्धा येत नाहीये, असं का? या एका प्रश्नाचं उत्तर समजलं की जुना कॉम्प्युटर स्लो का होतो आणि एक छोटी यूएसबीला लावायची एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क) त्याला परत तरुण का करते, हे दोन्ही समजतं.

आता हार्डडिस्कच्या आत जाऊया. मला या यंत्राबद्दल मनापासून आदर आहे, त्यामुळे इथे थोडा वेळ थांबणार. आत काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या गुळगुळीत चकत्या असतात, त्यांच्यावर कोबाल्टच्या मिश्रधातूचा अतिशय पातळ चुंबकीय थर असतो आणि त्या थरातल्या सूक्ष्म जागांचं चुंबकत्व या दिशेला की त्या दिशेला, यावरून शून्य आणि एक ठरतात. मामांच्या डिस्कची चकती मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते. साडेतीन इंची डिस्कमधल्या चकतीची कड त्या वेगात ताशी १३० किलोमीटरच्या आसपास धावत असते, आणि तिच्यावर एका हाताच्या टोकाला बसवलेलं हेड असतं जे चकतीला टेकत नाही, चकतीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या पातळ उशीवर तरंगतं. अंतर किती, तर काही नॅनोमीटर. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी ७०-८० हजार नॅनोमीटर असते, म्हणजे या फटीत धुळीचा कण तर सोडाच, धुराचा कणसुद्धा मावणार नाही. हवेवर तरंगायचं म्हणून हवा लागते, म्हणून बहुतेक डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, आत फिल्टर लावलेला आणि शेजारी हे भोक झाकू नका असं लिहिलेलं. आपली दमट खारी हवासुद्धा तिथूनच हळूहळू आत-बाहेर करत असते आणि तरी ती डिस्क बारा वर्षं चालली, मला तर हे नवलच वाटतं.

पण हेड एका वेळी एकाच जागी असतं, आणि हवी असलेली माहिती चकतीवर कुठेही असू शकते. मग दोन गोष्टी व्हाव्या लागतात. पहिली म्हणजे हाताने आत किंवा बाहेर सरकून बरोबर त्या वर्तुळावर जाऊन स्थिर व्हायचं, याला सरासरी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग). दुसरी म्हणजे हवा तो तुकडा फिरत फिरत हेडखाली यायची वाट बघायची. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेत आकाशपाळण्याखाली उभं राहून बघा, तुम्हाला जो पाळणा हवाय तो आत्ताच समोरून वर गेला असेल तर पूर्ण फेरी थांबावं लागतं, नशिबाने तोच समोर आला तर लगेच बसायला मिळतं, म्हणजे सरासरी अर्धी फेरी. मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, एका फेरीला ८.३ मिलिसेकंद, अर्ध्या फेरीला ४.२. हे आठ-नऊ आणि हे चार मिळून साडेबारा मिलिसेकंद धरा. प्रत्येक वेळी. चार केबीचा (केबी म्हणजे एमबीचा हजारावा भाग) एवढासा तुकडा वाचायचा असला तरी साडेबारा.

आता हिशोब करा. एका सेकंदात हजार मिलिसेकंद, भागिले साडेबारा, म्हणजे डिस्क सेकंदाला फक्त ८० वेगवेगळ्या जागा गाठू शकते. प्रत्येक जागेवरून चार केबी उचलले तर ३२० केबी. झालं! डिस्क शंभर टक्के कामात आहे, हात पिसाटासारखा आतबाहेर करतोय (तो खरखर आवाज याचाच असतो), आणि सेकंदाला मिळतंय काय तर ३२० केबी.

आमच्याकडे माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला पाडेली म्हणतात. एका माडावर चढून तो अख्खा घडच्या घड खाली सोडतो तेव्हा पाच मिनिटांत ढीग लागतो. पण त्याला सांगा की वाडीतल्या ऐंशी माडांवरून प्रत्येकी एकच नारळ आण, तर दिवस मावळेल. त्याचा कोयता स्लो झालेला नाही, वेळ सगळा चढण्या-उतरण्यात जातो. सिनेमाची फाईल म्हणजे एकाच माडावरचे घड. आणि कॉम्प्युटर चालू होणं म्हणजे ऐंशी माड, ऐंशी कसले, हजारो माड, कारण विंडोज चालू होताना हजारो बारीक बारीक फायली, सेटिंग, फॉन्ट, ड्रायव्हर चकतीभर विखुरलेल्या जागांवरून गोळा करत असतं. समजा असे २० हजार तुकडे गोळा करायचे आहेत, तर गुणिले साडेबारा मिलिसेकंद म्हणजे २५० सेकंद, चार मिनिटांच्या वर. त्यात अँटीव्हायरसची तपासणी, अपडेट, फायलींची सूची बनवणारा प्रोग्राम, सगळे एकाच वेळी त्या एकाच हाताला ओढत असतात. २०१३ साली हे ओढणारे कमी होते म्हणून तेव्हा तोच कॉम्प्युटर बरा चालायचा. डिस्क तीच आहे, तिच्याकडून मागणारे वाढलेत.

यातली खरी गंमत अशी की ही वाट बघणं खूप जुनं आहे. पहिली व्यापारी हार्डडिस्क आयबीएमने १९५६ साली आणली, रामाक नावाच्या मशीनबरोबर. दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या, सगळं मिळून कपाटाएवढं धूड, आणि त्यात मावायची फक्त ५० लाख अक्षरं. एक जागा गाठायला तिला सरासरी ६०० मिलिसेकंद लागायचे. मामांची डिस्क ५०० जीबीची, म्हणजे साठवण झाली लाखपट. आणि वाट बघणं? ६०० वरून साडेबारा, म्हणजे जेमतेम पन्नासपट कमी. साठवण लाखाने वाढली, प्रोसेसर तर कुठल्या कुठे गेला, पण धातूचा हात आणि फिरणारी चकती यांना वस्तुमान असतं, त्यांना हलवायला आणि थांबवायला वेळ लागतो, तिथे कुणाचं काही चालत नाही. सर्व्हरसाठी मिनिटाला १५ हजार फेऱ्यांच्या डिस्कसुद्धा बनवल्या, पण त्या तापायच्या, आवाज करायच्या आणि तरीही अर्ध्या फेरीला दोन मिलिसेकंद लागायचेच.

दोन मिलिसेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण प्रोसेसरच्या बाजूने बघा. हिशोबाला सोपं जावं म्हणून सेकंदाला ३०० कोटी ठोके धरू, आणि कल्पना करा की त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद. रॅममधून (चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीतून) काही मागवलं तर त्याला ३०० ठोक्यांच्या आसपास लागतात, म्हणजे आपली पाच मिनिटं, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन काडेपेटी आणली एवढाच वेळ. आणि हार्डडिस्कवरून मागवलं तर पावणेचार कोटी ठोके, म्हणजे आपले ४३४ दिवस! जानेवारीत झाडाला मोहर असताना मागवलेली वस्तू पुढच्या वर्षी मार्चमध्ये आंबा उतरवायला सुरुवात होते तेव्हा हातात पडणार. एक वस्तू. आणि अशा हजारो, त्यातल्या पुष्कळशा एकीमागून एक, कारण पहिली फाईल वाचल्याशिवाय दुसरी कुठली लागणार हेच कळत नाही. प्रोसेसर टास्क मॅनेजरमध्ये दहा टक्के दिसतो तो याच्यामुळे, बिचारा ओटीवर बसून वाट बघत असतो.

एसएसडीमध्ये हात नाही, चकती नाही, हलणारं काहीच नाही. कुठलीही जागा वाचायला जवळपास सारखाच वेळ, एक मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याच्याही खाली. यूएसबीतून ये-जा करायची थोडी दिरंगाई धरली आणि ०.१५ मिलिसेकंद म्हटलं, तर आपल्या त्या हिशोबात साधारण पाच दिवस होतात. मुंबईहून पार्सल यायला लागतात तेवढे. ४३४ दिवसांच्या जागी पाच. ते २० हजार तुकडे आता तीन सेकंदांत गोळा होतात, बाकीचा वेळ प्रोसेसरच्या स्वतःच्या कामाचा.

हे होतं कसं? एसएसडीच्या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा म्हणजे एक ट्रान्झिस्टर, ज्याच्या पोटात चारी बाजूंनी सिलिकॉन ऑक्साईडने, म्हणजे एका प्रकारच्या काचेनेच, बंद केलेली एक जागा आहे. तिला कुठलीच तार जोडलेली नाही म्हणून मूळ रचनेत तिला फ्लोटिंग गेट म्हणतात, तरंगतं दार. ही कल्पना १९६७ साली बेल लॅब्जमधल्या दवॉन कांग आणि सायमन झे यांची. त्या जागेत इलेक्ट्रॉन अडकवले तर ट्रान्झिस्टर चालू व्हायला जास्त व्होल्टेज लागतं, काढून घेतले तर कमी, आणि एवढ्याच फरकावरून आत शून्य आहे की एक ते ओळखायचं. पण काचेत बंद केलेल्या जागेत इलेक्ट्रॉन शिरतात कसे, आत जायला वाट तर नाही? तर भिंत पुरेशी पातळ असेल, काही नॅनोमीटर, आणि दोन्ही बाजूंमध्ये वीसेक व्होल्टचा दाब दिला, तर इलेक्ट्रॉन भिंतीच्या अलीकडून नाहीसा होऊन पलीकडे सापडण्याची शक्यता तयार होते. भिंतीला भोक न पाडता. याला टनेलिंग म्हणतात, क्वांटम भौतिकीतली गोष्ट आहे, आणि फाउलर व नॉर्डहाइम यांनी तीव्र विद्युतक्षेत्रात धातूतून इलेक्ट्रॉन असे कसे बाहेर पडतात याचं गणित १९२८ सालीच मांडून ठेवलं होतं. दाब काढला की भिंत परत भिंत होते, इलेक्ट्रॉन आत अडकून राहतात, वीज गेली तरी वर्षानुवर्षं. शाळेत आपण शिकतो की काच विजेची दुर्वाहक आहे, ते बरोबरच आहे, आणि खिशातला पेनड्राइव्ह त्याच नियमाच्या अगदी कडेवर उभा आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या रात्री झोप आली नव्हती.

तोशिबामध्ये काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी यावरून फ्लॅश मेमरी बनवली, पहिला प्रकार १९८४ ला जगासमोर मांडला आणि आज एसएसडीत वापरतात तो नँड प्रकार १९८७ ला. फ्लॅश हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवलं, कारण सगळं एका झटक्यात पुसलं जातं ते बघून त्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. हे एका झटक्यात पुसणं सोय आहे तशी अडचणसुद्धा आहे. लिहिताना थोडं थोडं लिहिता येतं पण पुसताना अख्खा मोठा गठ्ठा पुसावा लागतो. आपलं खळं (अंगण) कसं, रांगोळी एकेक ठिपक्याने घालता येते, पण सारवायचं तर सगळं खळं सारवतात, एका पावलाएवढी जागा सारवत बसत नाहीत. आणि प्रत्येक सारवणीला ती काचेची भिंत थोडी थोडी खराब होते. म्हणून एसएसडीच्या आत स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो, तो सारखा हिशोब ठेवतो की कुठलं खळं जास्त वेळा सारवलं गेलंय, कुठलं कमी, आणि सगळ्यांवर सारखा भार टाकतो. कॉम्प्युटरला वाटतं की आपण अमुक जागेवर लिहिलं, प्रत्यक्षात ते भलतीकडेच ठेवलेलं असतं. तुम्ही फाईल डिलीट केली हे त्याला कळलंच नाही तर तो निरुपयोगी रांगोळीसुद्धा जपत बसतो, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमने ट्रिम नावाचा निरोप द्यायचा असतो की ही जागा आता सारवली तरी चालेल.

आता यूएसबीचं बघू, कारण इथे बऱ्याच जणांची फसगत होते. यूएसबी २.० सन २००० ची, तिचा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, आठ बिटचा एक बाइट म्हणून ६० एमबी, प्रत्यक्षात हातात ३०-३५ एमबी. यूएसबी ३.० आली २००८ च्या नोव्हेंबरात, तिचा ५ गिगाबिट, त्यातले दर दहा बिटमधले दोन बिट सांकेतिक लिपीतच जातात म्हणून जास्तीत जास्त ५०० एमबी, प्रत्यक्षात चारशेच्या आसपास. पोर्टच्या आतली पट्टी सहसा निळी असली तर ३.०, काळी-पांढरी असली तर बहुधा २.०. मामांच्या मशीनला मागे दोन निळे पोर्ट होते, मी ते बघितल्यावर निम्मी काळजी मिटली. पण मघाचं गणित लक्षात असेल तर कळेल की काळ्या पोर्टलासुद्धा एसएसडी लावली तरी बारीक तुकडे गोळा करण्यात ती आतल्या हार्डडिस्कच्या कितीतरी पुढे असते, कारण तिथे प्रश्न पाइप किती रुंद आहे याचा नसून नळ उघडल्यापासून पाणी यायला किती वेळ लागतो याचा आहे. मोठ्या फायलींना मात्र काळा पोर्ट रडवतो.

आणखी एक गोष्ट आहे, जरा किचकट आहे पण महत्त्वाची. एसएसडी साटा (कॉम्प्युटरच्या आत डिस्क जोडायची पद्धत) भाषेत बोलते आणि पोर्ट यूएसबी भाषेत, मध्ये केसिंगमधली, म्हणजे एसएसडी बसवायच्या डबीतली, एक छोटी चिप दुभाष्याचं काम करते. जुन्या पद्धतीचे दुभाषे एका वेळी एकच हुकूम नेतात, तो पूर्ण झाला की मगच दुसरा. दाभोळ-धोपावेची फेरीबोट प्रत्येक खेपेला एकच गाडी घेऊन खाडी पार करायला लागली तर धक्क्यावर केवढी रांग लागेल, तसं. नव्या पद्धतीला यूएएसपी म्हणतात, त्यात बरेच हुकूम एकदम रांगेत देता येतात आणि एसएसडीच्या आतल्या वेगवेगळ्या चिप एकाच वेळी कामाला लागतात. साटाची स्वतःची रांग ३२ हुकुमांची असते, ती रांग दुभाष्यापाशीच मोडली तर एसएसडीचा निम्मा गुण वाया. ट्रिमचा निरोपसुद्धा काही स्वस्त दुभाषे पुढे पोचवतच नाहीत. म्हणून केसिंग घेताना खोक्यावर यूएएसपी लिहिलंय ना तेवढं बघून घ्या, बाकी धातूचं का प्लास्टिकचं, त्यात रंगीत दिवे आहेत का, याला फार किंमत देऊ नका.

मामांना मी आतच एसएसडी का बसवून दिली नाही? साधा टॉवर (वेगळ्या डब्याचा कॉम्प्युटर) असता तर तेच केलं असतं, आणि तुमच्याकडे टॉवर असेल तर तुम्हीही तेच करा, दोन स्क्रू आणि दोन वायरी, बाहेरच्या एसएसडीपेक्षा ते चांगलंच. पण ऑल-इन-वन उघडायचा म्हणजे पुढचा स्क्रीन सोडवायचा, त्याच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या काढायच्या, एक चुकली की स्क्रीन गेला. अॅपलच्या २०१२ च्या शेवटी आलेल्या पातळ आयमॅकपासून पुढे तर स्क्रीन चक्क गोंदाने चिकटवलेला असतो आणि आत २१ इंचीवाल्यात पुष्कळदा ५४०० फेऱ्यांची डिस्क, मामांच्या डिस्कहूनही हळू. अशा मशीनला बाहेरून एसएसडी लावून त्यावरूनच सिस्टिम चालवणं हा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे. जुनी डिस्क जशीच्या तशी राहते, उद्या काही बिघडलं तर यूएसबी काढा आणि होतं तसं चालू करा. सीझनच्या तोंडावर मला हेच हवं होतं.

सिस्टिम कुठली टाकायची? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, मामांचा तिसऱ्या पिढीचा. शिवाय विंडोजचा इन्स्टॉलर यूएसबी डिस्कवर बसायलाच नकार देतो. त्यामुळे मी लिनक्स मिंट टाकलं, विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम. मामांचं सगळं काम म्हणजे हिशोबाचे तक्ते, बिलं, पेट्यांवरची लेबलं आणि ब्राउझरमधलं जीएसटी, ते लिब्रे ऑफिसमध्ये आणि फायरफॉक्समध्ये आरामात होतं, मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच. एक सावधगिरी मात्र घ्या. इन्स्टॉल करताना डिस्क बाहेरची निवडली तरी सिस्टिम सुरू करणारा छोटा भाग, बूटलोडर, कधीकधी आतल्या डिस्कवर जाऊन बसतो आणि मग यूएसबी काढली की जुनं विंडोजसुद्धा उठत नाही. म्हणून इन्स्टॉलच्या आधी बायॉसमध्ये (सिस्टिम सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन आतल्या डिस्कचा साटा पोर्ट बंद केला, काम झाल्यावर परत चालू केला, आणि बूटच्या क्रमात यूएसबीला पहिलं ठेवलं. हे तुम्हाला डोक्यावरून गेलं असेल तर जवळच्या जाणत्या पोराला हाच परिच्छेद दाखवा, तो समजेल.

संध्याकाळी मामांनी बटण दाबलं आणि मामीला चहा टाकायला सांगायला वळले, तोपर्यंत स्क्रीन तयार! पाऊण मिनिटात हिशोबाची फाईल उघडली. "चाय उकळायच्या आधी चालू झालो हो!" म्हणून त्यांनी तीन वेळा बंद-चालू करून बघितला. प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळं श्रेय एसएसडीचं नाही, नवी कोरी आणि हलकी सिस्टिम टाकल्याचाही त्यात वाटा आहे. पण नुसती नवी सिस्टिम त्या जुन्या डिस्कवर टाकली असती तरी साडेबारा मिलिसेकंद काही कमी झाले नसते.

आता थोडं वेगळं. गेल्या वर्षभरात मामांनी कॉम्प्युटर फास्ट व्हावा म्हणून काय काय करून बघितलं ते त्यांनी सांगितलं आणि मला खरंच वाईट वाटलं. कुणी सांगितलं टेबल ईशान्येला तोंड करून ठेवा, ठेवलं. कुणी लिंबू-मिरची बांधायला दिली. दसऱ्याला आपण कॉम्प्युटरला फूल वाहतो, हळद-कुंकू लावतो, ते कामाच्या साधनाबद्दलचं प्रेम आहे, ते जरूर करा (फक्त कुंकू जाळीत जाऊ देऊ नका). पण चुंबकीय चकतीला दिशा कळत नाही आणि दृष्ट लागत नाही. आणि याच पठडीतली आपली शिकलेल्या लोकांची एक अंधश्रद्धा आहे, दर दोन मिनिटांनी राइट क्लिक करून रिफ्रेश मारायचं, नाहीतर एफ-५ दाबत राहायचं. रिफ्रेश म्हणजे फक्त स्क्रीनवरचे आयकॉन परत काढणं, त्याने रॅम मोकळी होत नाही, वेग वाढत नाही. रॅम साफ करणारी, रजिस्ट्री साफ करणारी सॉफ्टवेअर तर स्वतःच डिस्कला आणखी एक ओझं असतात. आणि एसएसडीला डीफ्रॅग (विखुरलेले तुकडे एकत्र आणणं) करू नका, माड जवळ जवळ लावायचे ते चढणाऱ्याचे पाय वाचावेत म्हणून, इथे चढणारच कुणी नाही, उगीच सारवणी वाढेल.

दुसऱ्या बाजूला बाजारातला गाजावाजा. ऑनलाइन १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी अगदी फुकटच्या भावात दिसते, ती घेऊ नका. उघडल्यावर आत एक साधं मेमरी कार्ड निघतं, आणि त्याच्या सॉफ्टवेअरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं की मी १६ टीबी आहे. खरी जागा संपली की नवीन फायली जुन्यांवरच लिहिल्या जातात, नावं सगळी दिसतात आणि आतला मजकूर गेलेला असतो. लग्नाचे फोटो असे गेलेले मी बघितलेत. मामांसारख्या कामाला नावाजलेल्या कंपनीची २५० जीबीची साधी साटा एसएसडी भरपूर झाली, पाच गिगाबिटच्या पोर्टला महागडी एनव्हीएमई (साटाहून वेगवान प्रकारची एसएसडी) लावून काही फायदा नाही, पोर्टच आडवा येतो. आणि एसएसडीने नेट फास्ट होत नाही, व्हिडिओ एडिटिंगसारखं प्रोसेसर-खाऊ काम फास्ट होत नाही. रॅम चारच जीबी असेल तर ब्राउझरचे पंधरा टॅब उघडल्यावर उरलेलं ओझं डिस्कवर टाकलं जातं, तो भार एसएसडी बरा सोसते, पण जमलं तर रॅम आठ करून घ्या.

आपल्याकडे खरी काळजी विजेची. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा सिंधुदुर्गात कित्येक गावांत दिवसच्या दिवस लाइट नव्हती, आणि तेवढं नसलं तरी पावसाळ्यात लाइटीची ये-जा चालूच असते. हार्डडिस्कची यात एक सुंदर युक्ती आहे, अचानक वीज गेली तर तिची फिरती चकतीच क्षणभर जनित्र बनते, फिरण्यातल्या उरलेल्या ऊर्जेवर वीज तयार करते आणि तेवढ्यात हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवते. एसएसडीत फिरणारं काही नाही, लिहिता लिहिता वीज गेली तर कुठला तुकडा कुठे ठेवलाय त्याची यादी अर्धवट राहू शकते, म्हणून छोटा यूपीएस हवाच. आणि एसएसडी घेऊन कपाटात वर्षानुवर्षं बंद ठेवायची नाही, काचेच्या भिंतीतून इलेक्ट्रॉन हळूहळू झिरपतात, गरम जागी जास्त लवकर झिरपतात, अधूनमधून तिला वीज मिळाली पाहिजे. कायमचं जपायचं ते दुसऱ्या ठिकाणीही असू द्या.

बाहेरच्या एसएसडीची सगळ्यात कमजोर जागा म्हणजे ती वायर. केर काढताना झाडू लागून ती सुटली तर चालू सिस्टिमच हातातून जाते. म्हणून मी एसएसडी स्क्रीनच्या पाठीला दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावली, वायर टायने घट्ट बांधली आणि मामीला दाखवून ठेवलं. जुनी डिस्क आतच आहे, एरवी झोपलेली असते, शनिवारी रात्री आठवड्याच्या हिशोबाची कॉपी तिच्यावर होते. तेवढी दोन मिनिटं तिची ती खरखर ओटीवर ऐकू येते, मग परत शांत.